‘टास्क शेड्यूलर रिकामा करा’ : या सल्ल्यात खरं किती?

“विंडोज रात्रंदिवस मागे कामं चालवून तुमचा कॉम्प्युटर संथ करतं. टास्क शेड्यूलरमध्ये दिसेल ते डिसेबल करा. डीफ्रॅग एसएसडी मारतो, तोही बंद करा. प्रीफेच फोल्डर रिकामं करा, अपडेट कायमचे थांबवा.” व्हॉट्सॲपवर हा सल्ला फिरतो आणि लोक तो बिनदिक्कत अमलात आणतात. टास्क शेड्यूलर म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची विंडोजमधली यादी.

आधी ते ‘रात्रंदिवस’. देखभालीची ही कामं विंडोज ८ पासून एकत्र बांधलेली आहेत. विंडोज १० मध्ये त्यांची नेमलेली वेळ पहाटे २ ची. तीही मशीन रिकामं आणि चार्जरवर असेल तर. तुम्ही माउस हलवलात की ती थांबतात. गोची वेगळीच आहे. आपल्याकडे काम झालं की शटडाउन आणि वर भिंतीवरचं बटणही बंद. पहाटेची पाळी हुकते, मग दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाला उठलात की तुंबलेली कामं सुरू होतात, पंखा घरघरतो आणि मेसेज खरा वाटतो. कंट्रोल पॅनलमधून ही वेळ बदलता येते. मशीन चालू पण रिकामं असेल अशी, म्हणजे जेवणाची वेळ द्या. विषय संपला.

एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचा मुद्दा तर उलटाच आहे. डीफ्रॅग म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं. ड्राइव्ह एसएसडी आहे हे विंडोजला कळतं आणि डीफ्रॅगच्या नेमलेल्या साप्ताहिक कामात ते मुख्यतः ‘ट्रिम’ चालवतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींच्या जागा मोकळ्या झाल्याचं ड्राइव्हला कळवतं. हे कळलं नाही तर ड्राइव्ह मेलेला डेटाही जपून इकडून तिकडे हलवत बसतो आणि झीज वाढते. फाइल पुसताना ट्रिम जातोच. साप्ताहिक फेरी सुटलेलं उचलते. सिस्टिम रिस्टोर (विंडोज जुन्या स्थितीत परत नेण्याची सोय) चालू असेल तर अधूनमधून खरा डीफ्रॅगही होतो, एवढं मान्य. पण तेवढ्याने एसएसडी मरत नाही.

प्रीफेच? तिथे प्रोग्राम पटकन उघडण्यासाठीच्या नोंदी असतात. त्या पुसल्या की पुढच्या वेळी प्रोग्राम उशिरा उघडतो. वेग वाढवण्याचा हा अजब उपाय!

अपडेटबद्दल मात्र गंमत नको. १२ मे २०१७ ला फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम पसरला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कॉम्प्युटरसुद्धा ठप्प झाले. त्याने वापरलेली फट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला बुजवली होती. ऐन कामात रीस्टार्टचा वैताग असेल तर ‘ॲक्टिव्ह अवर्स’ (ज्या तासांत विंडोज अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट करत नाही) लावा, १८ तासांपर्यंत लावता येतात.

टास्क शेड्यूलरमध्ये छाटण्यासारखं काहीच नसतं असं नाही. विकून टाकलेल्या प्रिंटरचा अपडेटर, एकदाच वापरलेल्या व्हिडिओ कन्व्हर्टरची रोजची हजेरी, असलं खुशाल डिसेबल करा. ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या फोल्डरला तेवढा हात लावू नका. आणि लॅपटॉप मध्यरात्री आपोआप जागा होत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधले ‘वेक टायमर’ बंद करून बघा. त्यासाठी एकही टास्क उडवावा लागत नाही.