जुन्या गाडीचा इन्शुरन्स: अनुभवी माणसाचा फुकट सल्ला

तुमची गाडी दहा-बारा वर्षांची झालीये, पॉलिसी संपत आलीये आणि एजंट विचारतोय, "काका, फुल्ल करायचं की नुसतं थर्ड पार्टी?" फुल्ल म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचाही विमा, थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल फक्त त्याचा. घाबरू नका. मी या परीक्षेतून नुकताच बाहेर पडलोय, ४,८५० रुपये फी भरून. तुमच्याकडून काही घेणार नाही.

पहिलं म्हणजे आकडेमोड करायची नाही. गाडी काय फ्रिज आहे का, हिशोब मांडायला? मुलगी पहिल्या दिवशी शाळेत गेली ती हिच्यातून, आईला गाणगापूरला नेलं ते हिच्यातून. अशा लक्ष्मीला नुसतं थर्ड पार्टी? सोसायटीत कळलं तर काय म्हणतील?

आयडीव्ही, म्हणजे कंपनी तुमच्या गाडीची जी किंमत धरते ती, वाचायची नाही. पहिली पाच वर्षं त्याचा तक्ता ठरलेला असतो, पाच पुरी होईपर्यंत किंमत निम्म्यावर येते. पुढे ती ठरते म्हणे कंपनीच्या आणि तुमच्या परस्पर संमतीने. माझी संमती कधी घेतली ते मला आठवत नाही, पण कागदावर १,१०,००० छापलेत. दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ८२,५०० च्या पुढे गेला की टोटल लॉस, गाडी संपली. एजंट म्हणतो, "अजून कमी धरू का? प्रीमियम खाली येईल." लगेच हो म्हणा. चारशे रुपये वाचतात. गाडी चोरीला गेली की त्या चारशेची मिसळ खाऊन रडत बसता येतं.

बारा वर्षांच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे क्लेममधून जुनेपणाचे पैसे न कापणारं कव्हर, मागून बघा. एजंटालाही कधीतरी हसू द्यावं.

पावसात पुण्यात भिडे पुलाच्या बाजूला पाण्यात गाडी घातली आणि बंद पडली, तर पुन्हा पुन्हा सेल मारा. इंजिनात पाणी ओढलं गेलं की ते साध्या पॉलिसीत बसत नाही, हे गॅरेजवाल्याच्या तोंडून ऐकण्यात वेगळी मजा आहे.

आता क्लेम. हा भाग जरा नीट सांगतो, कारण तो माझा ताजा आहे.

दांडेकर पुलाचा सिग्नल. मी उभा. माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांना अचानक आठवलं की आपल्याला डावीकडे वळायचं होतं. तसे आपण पुणेकर अशा वेळी चूक मान्य करून पुढे जात नाही. त्यांनी रिव्हर्स टाकला. माझा पुढचा बंपर गेला, एक हेडलाइट गेला. त्यांची गाडी माझ्याहून म्हातारी, पण आतले स्पीकर इतके तरुण की बोलणं ऐकू येईना. आवाज कमी करायला लावून विचारलं, इन्शुरन्स? "जुनी गाडी आहे हो, कशाला इन्शुरन्स?" आणि वर, "तुमचा फुल्ल असेल ना? मग टाका की क्लेम!"

टाकला. नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "काका, हा ओरखडा जुना आहे." मी म्हटलं, मीही जुना आहे, तोही लिहा. गॅरेजचं बिल झालं ९,८००. बंपर ३,२००: प्लास्टिक, घसाऱ्याचे म्हणजे जुनेपणाचे निम्मे कापले. हेडलाइट २,८००: तेही प्लास्टिकच, निम्मे. क्लिपा आणि स्क्रू ४००: कन्झ्युमेबल, शून्य. रंगकाम २,४००: त्यातला पाव हिस्सा रंगाचा धरायचा आणि त्याचे निम्मे कापायचे, हा नियम ज्याने लिहिला त्याच्या घरी दिवाळीत रंग देताना काय होत असेल देव जाणे. मजुरी १,००० पूर्ण मिळाली, आभार. मग एक हजार कंपल्सरी डिडक्टिबल, कारण अपघाताच्या आनंदात आपलाही वाटा हवा. तुटका बंपर भंगारात दीडशेला जाईल म्हणून तेही वजा. हातात ४,९५०, खिशातून ४,८५०. (पत्रा वाकला असता तरी दहा वर्षांवरच्या गाडीला निम्मेच मिळतात. काचेला मात्र घसारा नाही. तेव्हा पुढच्या वेळी काचेवर घ्या.)

तरी मी खूश होतो. म्हटलं, चला, पाच हजार आले. मग यंदाचं रिन्यूअल आलं.

पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला ५० टक्के एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनसची प्रीमियमवरची सूट, शून्यावर! ओन डॅमेजचा (ओडी), म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मूळ प्रीमियम ४,२००, तो मला २,१०० ला पडत होता, आता पूर्ण. पुढच्या वर्षी सूट २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि तेव्हा कुठे परत ५०. वहीत बेरीज केली. मूळ दर हाच राहिला तर या पाच वर्षांत जास्तीचे जातात ५,२५०, वर १८ टक्के जीएसटी, ६,१९५. गाडी म्हातारी होईल तसा आकडा थोडा उतरेल, मान्य. पण ४,९५० घेऊन ६,१९५ परत द्यायचे याला आमच्या आजोबांच्या काळी सावकारी म्हणत. त्या सावकाराचा चहा तरी मिळायचा!

एजंटाला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? "काका, तुम्ही विचारलं नाहीत."

बरं, चेष्टा पुरे. फुल्ल काढूच नका असं मी म्हणत नाही. ओन डॅमेज नुसतं धडकेचं नसतं. चोरी, आग, पूर, अंगावर पडलेलं झाड, सगळं त्यात येतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या जागच्या जागी बुडाल्या. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असते, म्हणून मी यंदाही ओडी भरलंय. तुम्ही वर्षाचा ओडी प्रीमियम आणि आयडीव्ही शेजारी शेजारी लिहा आणि स्वतःला विचारा, उद्या गाडी पूर्ण गेली तर खिशातून दुसरी घेता येईल का? येत असेल तर सोडा. नसेल तर भरा, आणि बंपरसाठी क्लेम करू नका. तुमचा पैसा, तुमचा पत्रा. जे करायचं ते करा.

पण थर्ड पार्टी तुमच्या मर्जीवर नाही, ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचं आहे. हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २०२२ साली ठरलेला दर वर्षाला २,०९४. जीएसटी धरून २,४७१. आणि विनाविमा पहिल्यांदा पकडलं तर दंड २,०००. "म्हणजे ४७१ वाचले की!" हो, हा हिशोब तुम्ही बरोबर करता! तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, ते वाचायला चष्मा सापडत नाही. माझा बंपर गेला, ठीक आहे. त्या रिव्हर्समागे शाळेतून येणारं पोर असतं तर? लाखांची भरपाई मालकाच्या घरावर आली असती, आणि घरात काही नसतं तर त्या पोराच्या आईबापाने कोर्टाच्या चकरा मारल्या असत्या. जुनी झाली म्हणून गाडी काय हळू लागते माणसाला? गाडी जुनी आहे म्हणे! ब्रेकही जुने आहेत, हे कोण बोलणार?

आणि दांडेकर पुलाचे ते गृहस्थ, तुम्ही हे वाचत असाल तर त्या स्पीकरांचं बिल घेऊन या. किती वर्षांचं थर्ड पार्टी त्यात बसलं असतं, ते मी तुम्हाला त्याच्या पाठीमागे लिहून देतो.