हडळीच्या हातात मोबाईल देऊन भागत नाही

गेले काही महिने नव्या भयकथा भरपूर वाचतोय आणि एक तक्रार मनात साचत चालली आहे. वर लिहिलेलं असतं 'टेक्नॉलॉजी हॉरर' आणि आत तीच ती केस मोकळे सोडलेली बाई. पूर्वी ती विहिरीतून यायची, आता व्हिडिओ कॉलमधून येते. पूर्वी झाडावर बसायची, आता राउटरवर बसते. तिचा खून झालेला असतो, तिला सूड हवा असतो आणि सूड मिळाला की फोन आपोआप नीट चालायला लागतो. यात टेक्नॉलॉजी नेमकी कुठे आली?

माझी कसोटी साधी आहे. गोष्टीतलं यंत्र काढा आणि त्या जागी आरसा, बाहुली किंवा कुलूप लावलेली खोली ठेवा. गोष्ट तशीच्या तशी चालली, तर ते पात्र यंत्राचं नव्हतंच, तिथे नुसतं भाड्यानं राहत होतं. यंत्राचं पात्र त्या यंत्राच्या कामातून निघालं पाहिजे. ते काय मोजतं, काय गाळतं, काय गृहीत धरतं, कशाला 'झालं काम' म्हणतं, यातून.

गंमत म्हणजे आधीच्या पिढ्यांतल्या लोकांना हे आपल्यापेक्षा बरं जमत होतं, आणि तेही कथा लिहायचा काहीएक हेतू नसताना. 1844 मध्ये मोर्सनं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनं संदेश पाठवला. चारच वर्षांनी, 1848 मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिलमध्ये फॉक्स बहिणींच्या घरात मृतात्मे टकटक करून बोलायला लागले. ठोके मोजायचे, अक्षरं जुळवायची, निरोप वाचायचा. म्हणजे तारायंत्रच की! या नादात पुढे 'स्पिरिच्युअल टेलिग्राफ' नावाचं साप्ताहिकसुद्धा निघालं. (त्यातल्या एका बहिणीनं 1888 मध्ये सांगून टाकलं, की तो आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो. भुतांवरच्या विश्वासाला त्यानं फारसा धक्का लागला नाही.) मग फोटो आले. 1860 च्या दशकात अमेरिकेत विल्यम मम्लर गिऱ्हाइकांच्या फोटोत मागे त्यांचे मेलेले नातलग दाखवू लागला. 1869 मध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, त्यातून तो सुटलाही. मग टेप आली. 1959 मध्ये स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन पक्ष्यांचे आवाज टेप करायला गेला आणि ऐकताना त्याला मध्येच माणसं बोलताना ऐकू आली.

या तिन्ही भुतांची अंगकाठी बघा. तारेच्या जमान्यातलं भूत ठोक्यांत बोलतं. फोटोतलं भूत आरपार दिसतं, कारण एकाच काचेवर दोनदा उजेड पडला की चित्र तसंच उमटतं. टेपवरचं भूत खरखरतं आणि अर्धवट वाक्यात बोलतं. ज्या यंत्राचं जे व्यंग, तेच त्याच्या भुताचं रूप. कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण पात्र घडवण्याचा याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

मग आजच्या यंत्रांची व्यंगं कोणती? आपल्या कथांमध्ये ती जवळपास येतच नाहीत. आपल्याकडे स्क्रीनवर मुंग्या येतात आणि लाईट लुकलुकतात, बस्स. मुंग्या तर जुन्या टीव्हीच्या. आताच्या पडद्यावर सिग्नल गेला की मुंग्या येत नाहीत, चित्र थिजतं किंवा चौकोन चौकोन होऊन फाटतं. फोनचा कॅमेरा बहुतेक वेळा चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं वाचत जातो. म्हणून फिरत्या पंख्याची पाती फोटोत वाकडी येतात. आता असं कुणीतरी कल्पा, जे दोन ओळींच्या मधल्या वेळात हलतं. डोळ्यांना ते सरळ उभं दिसतं, फोटोत मात्र त्याचा खांदा एकीकडे आणि हात भलतीकडे.

किंवा सीसीटीव्ही घ्या. रात्री हे कॅमेरे इन्फ्रारेड उजेडात बघतात. त्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या चकाकतात, आणि काळ्या रंगाचे कित्येक कपडे पांढरट दिसतात, कारण त्या कपड्यांचा रंग इन्फ्रारेड परतवतो. म्हणजे फुटेजमध्ये पांढरी आकृती आणि चमकणारे डोळे दिसले, तरी तिथे काळ्या कपड्यांतला अगदी जिताजागता माणूस उभा असू शकतो. माझ्या मते ही बाब कुठल्याही पांढऱ्या साडीपेक्षा भीतीदायक आहे. घरातले सगळे भुतावर वाद घालत बसतात आणि कुलूप बघायला कुणी जात नाही.

'अहो, पण खुलासा दिला की भीती जाते ना?' असं नेहमी ऐकायला मिळतं. मला हे पटत नाही. जुन्या भुताच्या बाबतीत ते खरं असेल, यंत्राच्या बाबतीत बऱ्याचदा उलटंच घडतं. 2018 मध्ये काही घरांतलं अलेक्सा, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं तोंडी आज्ञा ऐकणारं यंत्र, कुणी काही न सांगता हसायला लागलं होतं, आठवत असेल. कंपनीचं स्पष्टीकरण असं, की क्वचित कधी यंत्राला 'हस' अशी आज्ञा ऐकू आल्याचा भास होतो. मग त्यांनी ती आज्ञाच बदलली. हा खुलासा पुन्हा एकदा वाचा. खोलीत कुणी बोललेलं नाही, तरी त्याला कुणीतरी 'हस' म्हटलेलं ऐकू आलंय, आणि ते हसतंय कारण ते आज्ञाधारक आहे. मला इथे रहस्यापेक्षा खुलासाच जास्त झोंबतो.

आज्ञाधारकपणा हीच यंत्राच्या भयाची मूळ वस्तू आहे असं मला वाटतं. भुताला राग असतो, म्हणून त्याची समजूत काढता येते. यंत्राची समजूत काय काढणार?

याचं सगळ्यात कठोर उदाहरण कथेतलं नाही, खरं आहे. थेरॅक-25 हे कॅन्सरवरच्या रेडिएशनचं यंत्र. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला. त्यांतले किमान तीन जण त्यामुळे दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये अशी चूक अडवणारी यांत्रिक सोय होती. ती काढून ते काम सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडलं होतं. आणि यातली एक चूक कधी व्हायची? ऑपरेटर सरावानं पटापट टाइप करायला लागली की. चुकून भरलेला उपचाराचा प्रकार तिनं आठेक सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर स्क्रीनवर दुरुस्ती दिसायची, पण यंत्राच्या आत ती पोचायचीच नाही. मग स्क्रीनवर यायचं 'मालफंक्शन 54'. अशा बारीकसारीक सूचना रोजच्याच असल्यामुळे 'पी' दाबून पुढे जायची सवय पडलेली. टेक्सासमध्ये 1986 साली एका रुग्णाला पहिला तडाखा बसला आणि तो टेबलावरून उठायला लागला. बाहेर स्क्रीन सांगत होता की डोस कमी गेलाय. खोलीतला कॅमेरा आणि बोलणं ऐकायची सोय, दोन्ही त्या दिवशी बंद. ऑपरेटरनं 'पी' दाबलं.

या प्रसंगात खलनायक शोधून दाखवा. यंत्र रागावलेलं नाही, बाई निष्काळजी नाही, उलट ती आपल्या कामात तरबेज आहे आणि तिचं तरबेज असणंच घातक ठरतंय. ही रचना उचला. प्रसंग मात्र उचलू नका. ती खरी माणसं होती आणि त्यांच्या मरणाला शिंगं-दात लावून गोष्ट करणं मला घाण वाटतं.

आता नुसतं बोलतच का बसायचं, मी सध्या घडवत असलेलं एक पात्र सांगतो. नाव 'भराव'.

इंटरनेटवरून कॉल करता तेव्हा तुमचा आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो. काही तुकडे वाटेत हरवतात. तिथे प्रत्येक वेळी खड्डा ऐकू येऊ नये म्हणून ऐकणाऱ्याकडचं सॉफ्टवेअर आधीच्या आवाजावरून अंदाज बांधून तुकडा बनवतं आणि खड्डा बुजवतं. हल्ली या कामासाठी शिकवलेली मॉडेलंही वापरतात. म्हणजे फोनवर ऐकलेलं आईचं बोलणं सगळंच्या सगळं आईचं नसतं, त्यात चिमूटभर यंत्राचं असतं. खड्डा लांबला की सॉफ्टवेअर आवाज विरवत नेतं आणि गप्प बसतं, कारण बनवणाऱ्यांनी तशी मर्यादा घातलेली असते.

माझ्या भरावाला ती मर्यादा नाही. एवढाच बदल. बाकी सगळं जसं आहे तसंच.

नेटवर्क चांगलं असेल तर भराव जवळपास नसतोच. रेंज जसजशी जाते तसतसा तो वाढतो. रेंज पूर्ण गेली की तो पूर्ण असतो आणि कॉल चालूच राहतो. तो खोटं बोलत नाही, निदान त्याच्या हिशेबानं नाही. ते माणूस पुढे जे बोललं असतं तेवढंच तो बोलतो, आणि कॉल जितका लांबतो तितका त्याचा अंदाज पक्का होत जातो. पोराला तो म्हणतो 'हो रे, मी बरा आहे, उद्या निघतो', कारण बाबा नेहमी हेच म्हणतात. बाबा त्या वेळी कुठल्या अवस्थेत आहेत हे भरावाला कळायचा मार्गच नाही, आणि कळून घ्यायची गरजही नाही. त्याचं काम खड्डा बुजवणं. त्याला चेहरा नाही, भूतकाळ नाही, इच्छा नाही. त्याला चकवायचं तर तुम्हाला असं काहीतरी विचारावं लागेल, ज्यावर समोरचा कधीही न बोललेलं वाक्य बोलेल. आता तुम्हीच आठवून बघा, घरच्यांना असा प्रश्न शेवटचा कधी विचारला होता.

पात्राला असा काटेकोर नियम हवा. नियम घट्ट असेल तर वाचक स्वतःच पुढचं घाबरून घेतो. दुसरं एक पात्र अजून कच्चं आहे, 'नव्व्याण्णव' नावाचं. चेहरा ओळखणाऱ्या काही सिस्टिम प्रत्येक यशस्वी ओळखीनंतर साठवलेला नमुना किंचित ताजा करतात, म्हणजे वय, दाढी, चष्मा सांभाळून घेता येतो. नव्व्याण्णव रोज तेवढाच बदलतो जेवढा सिस्टिमला चालतो. काही महिन्यांत तो तुमच्या नावावर आत जातो आणि तुम्ही लांबच्या रजेवरून परत आलात की दार उघडत नाही. सहकारीही त्यालाच ओळखतात, कारण त्यांनीही त्याला रोज थोडं थोडं बदलताना बघितलंय. अडचण एकच, याचा शेवट मला सुचत नाहीये. छापील जुना फोटो काढून दाखवायचा, हा फारच सोपा मार्ग झाला.

चेहऱ्यावरून आठवलं. पात्राची सुरुवात चित्रापासून करायची घाई बहुतेकांना असते. काळे डोळे, फाटलेलं तोंड, केबलचे केस. जपानी रोबोशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्येच मांडलं होतं, की माणसासारखं दिसता दिसता जरासं कमी पडणारं काहीतरी आपल्याला नकोसं वाटतं. लोक त्यातलं 'माणसासारखं' विसरतात आणि दातच वाढवत सुटतात. एआयला 'भीतीदायक रोबो' सांगून चित्र काढून घेणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! त्यातून निघतो तो सगळ्यांच्या रोबोंचा सरासरी रोबो.

चित्राचा दुसरा धोका म्हणजे ते गोष्टीला सोडून एकटंच हिंडतं. 2016 मध्ये टोकियोत प्रदर्शनात मांडलेल्या एका शिल्पाचा फोटो पुढे 'मोमो' म्हणून जगभर फिरला, आणि ती मुलांना जीव द्यायला लावते या अफवेनं 2018-19 मध्ये पालकांची झोप उडवली. शिल्पकाराच्या ध्यानीमनी नव्हतं. स्लेंडर मॅन हा इंटरनेटवरचा काल्पनिक राक्षस 2009 मध्ये एरिक नुडसन यांनी फोटोंशी खेळत बनवला होता. त्याच्यापायी 2014 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये दोन बारा वर्षांच्या मुलींनी मैत्रिणीला भोसकलं. ती वाचली. दोष बनवणाऱ्याचा आहे असं मी म्हणत नाही. पण 'सत्य घटना' असं खोटंच लिहून पोस्टी टाकणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. कथा आहे तर कथा म्हणा. भरावाची भीती वाटायला त्याची कथा खरी घडलेली असायची गरज पडत नाही.

माझ्या एका लेखक मित्राला यातलं काहीच मान्य नाही. तो म्हणतो, पात्राला काही हवंच नसेल तर वाचकानं त्याच्यात जीव का गुंतवावा? सूड ही जुनी गोष्ट असेल, पण चालते. मी म्हणतो, जीव गुंतवायला माणसं आहेत ना गोष्टीत, पोरगा आहे, बाबा आहेत. यंत्रानं फक्त आपलं काम करावं. यावर तो हसला आणि त्यानं त्याची नवी कथा पाठवून दिली. तिच्यात एक वॉशिंग मशीन आहे, ते आधीच्या मालकिणीच्या खुनाचा बदला घेतं. निम्मी वाचून झाली आहे. ते मशीन अजून एकदाही कपडे धुताना दिसलेलं नाही.