पुन्हा तेच, ‘पॅच पाठवा’!

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी लोकांना रोज लागणारी सोय काढून टाकायची आणि कुणी विचारलं की ‘कोड खुला आहे, पॅच पाठवा’ (म्हणजे कोडमधला बदल स्वतःच लिहून पाठवा) म्हणून मोकळं व्हायचं! ऐकून ऐकून कान किटले. २०११ साली ग्नोम ३ (लिनक्सवर विंडो, मेनू दाखवणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर) आलं आणि विंडोची मिनिमाइझ-मॅक्सिमाइझ बटणंच गायब. लोक इतके वैतागले की जुन्या ग्नोम २चा फोर्क (त्याच कोडवरून वेगळी आवृत्ती) काढून माटे डेस्कटॉप उभा केला. बरं, पॅच पाठवला तरी ‘आमच्या दिशेत बसत नाही’ म्हणून तो पडून राहतो. ही दिशा ठरवली कुणी, कधी? फुकट राबणाऱ्या मेंटेनरांवर (कोड सांभाळणाऱ्यांवर) राग नाही, सगळा डोलारा त्यांच्याच कष्टांवर आहे. पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याने आधी प्रोग्रामिंग शिकायचं आणि मगच तक्रार करायची का?