व्यसनी माणसाचं फुप्फुस नको म्हणणाऱ्यांना

भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सिगारेट-दारूवाल्याचं फुप्फुस बसवलं की पेशंट वर्षभरात जातो, शिवाय त्यालाही ते व्यसन लागतं. डॉक्टर हे लपवतात. व्यसनी माणसाने अवयवदानाचा अर्ज भरूच नये.’ आमच्या मामांनी तो खरा मानला, म्हणून हा खटाटोप.

व्यसन लागतं म्हणे! तलफ मेंदूत असते. पानटपरीची वाट फुप्फुसाला ठाऊक नसते. माळकऱ्याचं मूत्रपिंड बसवलं म्हणून सोलापुरात कुणाचं मटण सुटेल का?

‘वर्षभरात जातो’ हे साफ खोटं. पण धोका वाढतो, एवढं कबूल. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ब्रिटनचा अभ्यास आला. १९९९ ते २०१० मधल्या १२९५ फुप्फुस प्रत्यारोपणांपैकी ५१० मध्ये दाता धूम्रपान केलेला होता, आणि त्या पेशंटचं तीन वर्षं जगण्याचं प्रमाण खरंच कमी निघालं. पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. फुप्फुसासाठी प्रतीक्षा यादीत नाव घातलेल्या २१८१ जणांपैकी ८०२ जण फुप्फुस न मिळताच वारले किंवा यादीतून काढले गेले. यादीत ताटकळत राहिलेल्यांपेक्षा ओढणाऱ्याचं फुप्फुस घेतलेल्यांना मृत्यूचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी कमी होता. ज्याला जिना चढताना धाप लागत नाही, त्यानेच ‘नको’ म्हणावं.

दात्याने फार दारू प्यायली असेल, तर नवीन फुप्फुस पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त त्रास देऊ शकतं, हेही दिसलंय. लपवण्याचं म्हणाल, तर दात्याच्या सवयी घरच्यांना विचारूनच नोंदवतात.

खरा राग शेवटच्या वाक्याचा. मामा सिगारेट ओढतच नाहीत. यंत्रमागावर उभ्या उभ्या तळहातावर चुना-तंबाखू मळतात, तेवढंच. तरी म्हणतात, “माझं सगळं कामातून गेलंय, कोण घेणार?” मामा, ते तुम्ही ठरवायचं नाही. मेंदूमृत्यू झाल्यावर, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडून श्वास फक्त यंत्रावर चालू असताना, छातीचा एक्स-रे काढतात, श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघतात, शंभर टक्के ऑक्सिजन देऊन रक्तात किती उतरतो ते मोजतात. आयुष्यात विडी न शिवलेल्याचं फुप्फुससुद्धा व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाने बाद होतं. आणि फुप्फुस नापास झालं, तरी मूत्रपिंडं, यकृत, डोळे यांची तपासणी वेगवेगळी होते.

तेव्हा अर्ज भरा. पण वेळ आली की सही घरच्यांचीच लागते, त्यामुळे आधी मामींशी बोला.