औषध तेच, पेशी त्याच, मग उत्तरं वेगळी का?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: केमो कुणाला लागू पडेल हे आधी सांगण्याचे दावे वर्षानुवर्षं ऐकतोय, एका प्रयोगशाळेचं उत्तर दुसरीशी जुळत नाही, मग चार प्रयोगशाळा एकत्र आल्या तर फक्त चुकांचीच बेरीज होणार. पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरी नाही.

2013 मध्ये सेल लाइनच्या (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या कर्करोगाच्या पेशींच्या) दोन मोठ्या संग्रहांची माहिती शेजारी ठेवून तपासली गेली. जनुकांचे आकडे बऱ्यापैकी जुळले, औषधाला मिळालेल्या प्रतिसादाचे जुळले नाहीत. म्हणजे घोळ बराचसा मोजण्यात आहे.

तो कुठे होतो? सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम असलेलं केमोचं औषध घ्या. सवयीने ते डीएमएसओ या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या द्रावकात विरघळवलं, तर डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटतो आणि औषध निकामी होत जातं. मग प्रत्येक पेशी 'प्रतिरोधक', म्हणजे औषधाला दाद न देणारी, दिसते! ते 0.9 टक्के सलाईनमध्येच विरघळवायला हवं. दुसरं, 72 तासांत एक सेल लाइन तीनदा दुभागते, दुसरी जेमतेम एकदा. फक्त शेवटचा आकडा पाहिला तर भराभर वाढणारी उगाचच जास्त संवेदनशील ठरते, म्हणून औषध घालतानाची, शून्य तासाची मोजणी लागतेच. पेशी ज्या प्लेटमध्ये वाढवतात तिच्या कडेच्या वेलमधून (खळग्यांमधून) पाणी उडून औषध दाट होतं, हे वेगळंच.

अशा चुका एकाच प्रयोगशाळेत दिसत नाहीत, कारण तिथे त्या रोज सारख्याच होतात. तेच नमुने तिघांनी, एकमेकांचे आकडे न बघता मोजले की उघड्या पडतात. ईआरसीसी1 या प्रथिनाचं असंच झालं. 2006 मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगात या प्रथिनावरून सिस्प्लॅटिनचा फायदा कुणाला होईल हे कळतं असं दिसलं. पुढे तेच जुने नमुने त्याच अँटीबॉडीच्या (प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या रेणूच्या) नव्या बॅचने रंगवले, तर निकाल बदलला. शिवाय प्रथिनाच्या चार रूपांपैकी कामाचं रूप कुठलं, हे ती अँटीबॉडी ओळखतच नव्हती.

'88 टक्के अचूक', म्हणजे 'लागू पडेल' हे उत्तर 88 टक्के वेळा खरं, या आकड्यावर तुम्ही चिडला आहात, ते रास्त आहे. तो 2018 च्या ऑर्गनॉइड (रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या छोट्या प्रतिकृती) अभ्यासातला. त्यात चाचणीची संवेदनशीलता (लागू पडणारे ओळखणं) 100 आणि विशिष्टता (लागू न पडणारे ओळखणं) 93 टक्के होती, पण रुग्ण मोजकेच होते. हेच आकडे धरून चला आणि 100 जणांपैकी 10 जणांनाच औषध लागू पडतं असं समजा. ते दहाही सापडतील, पण उरलेल्या 90 मधले सहाएक चुकून त्यांच्यात येतील. म्हणजे 'लागू पडेल' हे उत्तर साधारण 61 टक्केच खरं. 'लागू पडणार नाही' हे उत्तर जास्त भरवशाचं, आणि माझ्या मते उपयोगाचंही तेच: वाया जाणारं विष तरी टळतं.

प्रतिरोध मोडण्याबद्दल तुम्ही पी-ग्लायकोप्रोटीनचं उदाहरण दिलंत. हा पंप औषध पेशीबाहेर फेकतो, पण तो आतड्यात, यकृतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही असतो. तो अडवला की केमो शरीरात रेंगाळते, आणि मग डोस कमी करावा लागतो. त्यात अनेक चाचण्यांत गाठीत हा पंप आहे का, हे न बघताच रुग्ण घेतले होते. अंदाज न घेता इलाज केला, तो फसला.

चालणारी चाचणी एक तरी दाखवा, म्हणालात. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात एमजीएमटी जनुकाच्या प्रमोटरचं (जनुक चालू करणाऱ्या भागाचं) मेथिलेशन, म्हणजे त्यावरची रासायनिक खूण: ती असेल तर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा फायदा जास्त. ही तपासणी आज नेहमीच्या उपचारात केली जाते.