मुंबईचा बर्फ आणि आमचा पंप

आमच्या बोटीच्या गोड्या पाण्याच्या पंपाला मी यंदा हिमबाधेपासून वाचवले. बोट मुंबईत असते. सांताक्रूझला नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचे. तरीही बोटीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत 'विंटरायझिंग' म्हणजे हिवाळ्यासाठी बोट बंद करून ठेवण्याचे सविस्तर प्रकरण होते, आणि छापील मजकुरापुढे मान तुकवणे हा आमच्या घराण्याचा जुना दोष आहे.

थंड देशांत त्या प्रकरणाला अर्थ आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि पंपाच्या डोक्यात किंवा गाळणीच्या वाटीत राहिलेले घोटभर पाणीही प्लास्टिकला तडा देते. म्हणून तिथली माणसे टाकी रिकामी करतात, गरम पाण्याची टाकी वगळून नळ्या जोडतात आणि त्या सगळ्या नळ्यांतून प्रॉपिलीन ग्लायकॉलचे, सहजी न गोठणारे गुलाबी द्रावण फिरवतात. आमच्याकडे बोटी झोपतात त्या पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गेटवे ते मांडवा लाँची थांबतात, आणि मी व माझा मेहुणा यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची जुनी शिडाची बोटही किनाऱ्यावर ताडपत्रीखाली जाते. मी पुस्तिकेतला 'हिवाळा' पेन्सिलीने खोडून 'पावसाळा' लिहिले आणि बाकीचे सारे जसेच्या तसे अमलात आणले.

केवळ गुलाबी द्रावण तेवढे मिळाले नाही. नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानदाराने मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालायचे हिरवे द्रव्य पुढे केले. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विषारी, म्हणून मी ते नाकारून पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत चालणारेच हवे, असा आग्रह धरला. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, बोट काश्मीरला नेताय का?"

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात आली. धक्क्यावरून छोट्या होडीने कॅन वाहून मी ऐंशी लिटर पाणी टाकीत भरले आणि ऐटीत बटण दाबले. काहीही झाले नाही. फ्यूज मीच मे महिन्यात काढून सुरक्षित जागी ठेवला होता. ती जागा इतकी सुरक्षित होती की पाऊण तासाने फ्यूज प्रथमोपचाराच्या पेटीत, बँडेजच्या गुंडाळीत सापडला.

आता पंप घरघरू लागला. पण नळातून पाण्याऐवजी सुस्कारे बाहेर पडत होते. आडात असले तर पोहऱ्यात येते, असे आपण लहानपणापासून मानत आलो आहोत. इथे आड काठोकाठ भरलेला होता आणि पोहरा दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकत होता. पुस्तिकेने पंपाचा पडदा आणि झडपा तपासायला सांगितल्या, म्हणून मी पंपाचे चार स्क्रू काढले आणि त्यांतला एक तळातल्या फळ्यांखाली गेला. मेहुण्याने नवा पंप घ्यावा असे सुचवले. त्याचा वाटा निम्मा असला तरी सूचना नेहमी पूर्ण किमतीच्या असतात.

बोटीची राखण करणारे वृद्ध तांडेल इतका वेळ विडी ओढत हे पाहत होते. ते म्हणाले, "साहेब, त्याला आधी बादलीतून पाजून बघा." टाकीची नळी आणि गाळणी सोडवून पंपाच्या तोंडाला हातभर नळी लावली व ती बादलीत बुडवली, तर पंपाने अर्ध्या मिनिटात बादली रिकामी केली. पंप निर्दोष होता! तो वाटेत कुठेतरी पाण्याऐवजी हवा ओढत होता.

घरी फोन केला तेव्हा पत्नीलाही याचे नवल वाटले नाही. तिचे बालपण गिरगावच्या चाळीत गेले असल्यामुळे पाण्याआधी नळ खोकतो तेव्हा नळीत हवा असते, हे तिला कोणत्याही पुस्तिकेवाचून ठाऊक होते. "अहो, एखादे रबर वगैरे राहिले नाही ना बसवायचे?" असे तिने सहज विचारले आणि माझ्या डोळ्यांपुढे गाळणीच्या झाकणाखालची ती काळी रबरी रिंग उभी राहिली, जी ताणून खराब होऊ नये म्हणून मी मे महिन्यात घरी नेऊन ओट्यावर ठेवली होती. पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग तिने सांगितले की कैरीच्या लोणच्याच्या बरणीचे झाकण सैल होते आणि ती रिंग तिला अगदी मापाची बसली होती.

रविवार असल्यामुळे नागदेवी बंद होते. मी होडीने धक्क्यावर, तिथून घरी आणि घरून पुन्हा बोटीवर असा प्रवास केला. लोणच्याची बरणी प्लास्टिक आणि सुतळी बांधून मागे राहिली. रिंग तीनदा साबणाने धुतली होती. ती बसवताच पाणी आले. पण नळ बंद केल्यावरही पंप दर वीस सेकंदांनी उचकी देऊ लागला. नळ्यांत दाब भरला की प्रेशर स्विचने पंप थांबवावा आणि तो थांबलेलाच राहावा, अशी व्यवस्था असते. उचकी म्हणजे दाब कुठेतरी गळतो आहे. गरम पाण्याच्या टाकीखालचा, मीच उघडलेला कॉक किंचित उघडाच राहिला होता. दरम्यान तळातले पाणी उपसणारा दुसरा पंप अत्यंत कर्तव्यदक्षपणे, महापालिकेचे शुद्ध केलेले आणि मी खांद्यावरून वाहिलेले पाणी अरबी समुद्राला अर्पण करत होता.

संध्याकाळी कॉक बंद झाला, दोन्ही पंप गप्प बसले आणि उरलेल्या पाण्यातला पहिला पेला मी मानाने तांडेलांना दिला. त्यांनी एक घोट घेतला, पेल्याकडे पाहिले, पुन्हा एक घोट घेतला आणि म्हणाले, "साहेब, पान्याला लोनच्याचा वास हाय."