रोम एका दिवसात कसं उरकावं

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर निघालेल्या तमाम बंधुभगिनींनो, अभिनंदन! सात रात्री, चार बंदरं आणि त्यातला एक अख्खा दिवस रोमसाठी. शिवाय तुम्ही शहाणे, म्हणून ‘प्रायव्हेट टूर’ घेतलीत. म्हणजे बसमध्ये चाळीस परक्या माणसांबरोबर ताटकळायचं नाही, आपल्याच घरच्या सहा माणसांबरोबर ताटकळायचं. मी गेल्या मे महिन्यात ही मोहीम फत्ते करून आले. पायांवरची सूज उतरली, राग काही उतरेना. तेव्हा तुमच्या भल्यासाठी चार युक्तीच्या गोष्टी सांगते.

सर्वप्रथम घरातला एक असा माणूस निवडा ज्याला एक्सेल येतं. आमच्याकडे भाऊजी आहेत, माझे थोरले दीर. त्यांनी निघायच्या आधी दोन महिने रोममधली १४ ठिकाणं काढली, प्रत्येकाला रंग दिला आणि व्हॉट्सअॅपवर टाकून खाली लिहिलं, ‘सहज होईल.’ आपण मराठी माणसं दोन दिवसांत अष्टविनायक करून, वर नारायणगावला मिसळ खाऊन परत येतो. आपल्याला रोमचं काय कौतुक?

हिशोब मात्र करू नका. मी केला, तिथेच चुकले. जहाज ‘रोम’ला लागतं असं छापलेलं असतं, पण ते लागतं चिवितावेक्याला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर. टूर आठ तासांची. जाता-येता तीन तास गाडीत, एक तास जेवण. राहिले चार तास, म्हणजे २४० मिनिटं, भागिले १४. दर ठिकाणी १७ मिनिटं, आणि त्यातच गाडीतून उतरणं, रस्ता ओलांडणं, आईंना हात देणं आणि पुतण्याचं रील. (आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७६, दोन्ही गुडघे मूळचेच.)

आयटिनररी वाचताना शब्दांकडे बघू नका. आकड्यांकडे बघा, आनंद होईल. शब्दांकडे बघितलंत तर कळेल की ‘व्हिजिट’ म्हणजे दारापर्यंत जाणं, ‘फोटो स्टॉप’ म्हणजे समोरच्या फुटपाथवर उतरणं, ‘पॅनोरॅमिक व्ह्यू’ म्हणजे गाडीची काच खाली करणं, आणि ‘अॅट लेझर’ म्हणजे आता तुमचं तुम्ही बघा. ‘इन्क्लूजन’च्या यादीत पाण्याची बाटली आणि वायफाय ठळक अक्षरांत असतात. ‘एक्स्क्लूजन’ शेवटच्या पानावर असतं. ते पान उघडण्याची आपल्यात पद्धत नाही.

वार बघण्याचंही कारण नाही. आमचा दिवस बुधवार होता. बुधवारी सकाळी पोपसाहेब सेंट पीटर्सच्या चौकात जमलेल्यांना भेटतात, आणि ते आटोपेपर्यंत बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या भव्य चर्चमध्ये, पर्यटकांना सोडत नाहीत. हे रोममधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्हाला साडेसातशे युरोंची टूर विकणाऱ्याला नव्हतं, किंवा असावं आणि सांगावंसं वाटलं नसावं. आम्ही दहा वाजता तिथे पोहोचलो. खुर्च्याच खुर्च्या, माणसंच माणसं, आणि लांबवर एक पांढरा ठिपका. भाऊजींनी ‘व्हॅटिकन’वर हिरवी टिकमार्क केली. सिस्टिन चॅपेल? मायकलअँजेलोनं ते छत रंगवायला १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं घेतली. आपल्याकडे १७ मिनिटं. सोडा.

बरं, ज्या घुमटाखाली जायला मिळालं नाही, तो दिसण्याची सोय दुपारी होती. अॅव्हेंटाइन टेकडीवर माल्टाच्या सरदारांचा एक बंद दरवाजा आहे. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला की झुडपांच्या बोळातून थेट सेंट पीटर्सचा घुमट दिसतो. त्या भोकासाठीही रांग असते. आम्ही लावली.

पाणी विकत घ्या. रोमच्या रस्त्यांवर फुकट पिण्याच्या पाण्याचे सुमारे अडीच हजार नळ आहेत, लोक त्यांना प्रेमाने ‘नाझोनी’, म्हणजे नाकाडे म्हणतात. पण फुकटच्या पाण्यावर आपला विश्वास नसतो.

ड्रायव्हर सांगेल तिथेच जेवा. तो तिथे फुकट जेवतो.

आता कोलोसियम. हे नीट ऐका.

कोलोसियमचं तिकीट काढू नका. ‘प्रायव्हेट टूर’ म्हटल्यावर तिकीट आलंच, असं धरून चाला. आम्ही धरून चाललो होतो. ब्रोशरच्या पहिल्याच पानावर ते गोल दगडी प्रकरण सूर्यास्तात न्हालेलं दाखवलं होतं, खाली लिहिलं होतं ‘विथ इंग्लिश स्पीकिंग ड्रायव्हर-गाइड’. प्रत्यक्षात काय झालं? ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, इथून फोटो छान येतो. आम्ही म्हटलं, आत? तो म्हणाला, तिकीट आहे? आम्ही म्हटलं, तुमच्याकडे असेल ना! तो बिचारा हसला. तिकिटं महिनाभर आधी खुली होतात, ती वेळेची असतात, त्यांवर नाव असतं आणि दारात ते पासपोर्टशी ताडून बघतात. मे महिन्यात दुपारी एक वाजता सहा तिकिटं मिळण्याची शक्यता दादर स्टेशनला सव्वासहाच्या लोकलमध्ये खिडकी मिळण्याइतकी. आणि मिळाली असती तरी तो आत येणार नव्हता. इटलीत गाइडला वेगळी परीक्षा आणि वेगळा परवाना असतो. ड्रायव्हरने आत येऊन माहिती सांगितली तर दंड त्याला होतो. म्हणजे ‘ड्रायव्हर-गाइड’ हा शब्दच मुळात... गाडी चालवता चालवता तो ‘लेफ्ट साइड, कोलोसियम’ म्हणाला, ते गाइडिंग. तेवढं मलाही दिसत होतं हो! एवढी मोठी इमारत, आणि डोळे आहेत मला!

मी टूरवाल्यांच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, एक्स्क्लूजनमध्ये मेन्शन्ड आहे. मी म्हटलं, अगं पण फोटो कशाला छापता मग? ती म्हणाली, रिप्रेझेंटेशनल आहे मॅडम. साडेसातशे युरो घेताना ते रिप्रेझेंटेशनल नव्हते, खरेखुरे होते. आणि ऐका, त्या इमारतीला खाली ऐंशी कमानी होत्या. त्यांतल्या शिल्लक असलेल्या बऱ्याच कमानींवर अजून रोमन आकडे कोरलेले दिसतात, कारण पन्नासेक हजार माणसं आत घ्यायची आणि बाहेर काढायची तर कुणी कुठल्या दाराने जायचं हे ठरलेलं हवं. इ. स. ८० मध्ये ते खुलं झालं तेव्हा साध्यातल्या साध्या प्रेक्षकाला आपलं दार ठाऊक होतं. आम्ही ऐंशीच्या ऐंशी दारांबाहेर उभे होतो.

प्लास्टिकचं शिरस्त्राण घातलेला एक ग्लॅडिएटर मात्र लगेच मिळाला. पुतण्याने त्याच्यासोबत फोटो काढला. वीस युरो.

असो. हसत हसत पुढे जाऊ या.

पॅन्थिऑन, म्हणजे ते जुनं रोमन देऊळ, फुकट आहे असं कुणी सांगितलं तर माना. भाऊजींच्या एक्सेलमध्येही फुकटच होतं. २०२३ पासून तिकीट लागतं, त्यामुळे ४३ मीटरचा तो काँक्रीटचा घुमट आणि त्याच्या माथ्यावरचं आभाळाकडे उघडं भोक आम्ही मनश्चक्षूंनी पाहिलं.

सांता मारिया इन कोस्मेदिन चर्चच्या ओसरीत एक दगडी तोंड आहे, खोटं बोलणाऱ्याचा हात ते चावतं म्हणे. टूर बुक करतानाच विकणाऱ्याला तिथे घेऊन जा.

ट्रेवीच्या कारंज्यात नाणं टाका, परत रोमला येणं होतं. भाऊजींनी पाच रुपयांचं टाकलं. कारंज्यातली नाणी गोळा करून कारितास ही संस्था गरिबांसाठी वापरते. आता त्यांनी पाच रुपयांचं काय करायचं ते त्यांनी बघावं.

आणि बसू मात्र नका. कुठेही. स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला बंदी आहे. शहराची बाजू मला पटते, माणसं तिथे पिझ्झा सांडायची. पण आईंना कोण सांगणार? सकाळपासून त्या चालतायत. समोर शंभराहून जास्त पायऱ्या, रुंद, स्वच्छ, घाटावर असतात तशा. त्या नऊवारीचा घोळ सावरून दुसऱ्याच पायरीवर टेकल्या. पुर्रर्र! पोलिसाची शिट्टी. आई दचकून उठल्या, आणि चोरी पकडल्यासारखा चेहरा करून मला म्हणाल्या, “चुकलं का गं माझं काही?” गाडी? गाडी जवळ नव्हती. जुन्या शहरातल्या या गल्ल्यांत कुठवर गाडी न्यायची आणि कुठे उभी करायची यावर हजार बंधनं आहेत, कॅमेरे आहेत, दंड आहेत. हेही एक्सेलमध्ये नव्हतं.

एक ठिकाण मी मुद्दाम मागे ठेवलं. पियात्सा नवोना हा चौक. यादीतलं तिसरं, रंग पिवळा, वेळ दहा मिनिटं (‘कारंजं, फोटो’).

तिथे मधोमध बर्निनी या शिल्पकाराचं चार नद्यांचं कारंजं आहे. चार खंडांच्या चार नद्या: युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची ला प्लाता, आणि आशियाची आपली गंगा. ड्रायव्हरने ठरलेली गोष्ट सांगितली, की ला प्लाताने हात वर केलाय तो समोरचं बोरोमिनी या वास्तुकाराचं चर्च अंगावर कोसळेल या भीतीने. बर्निनीचं आणि त्याचं वैर होतं ना! सगळे हसले. कारंजं पुरं झालं १६५१ मध्ये आणि चर्चचं काम सुरू झालं त्यानंतर, पण ही गोष्ट रोममधला प्रत्येक ड्रायव्हर सांगतो, तेव्हा तुम्हीही हसा.

मी आईंना म्हटलं, ती बघा गंगा. त्या पुढे झाल्या. हातात लांब वल्हं घेतलेली, खडकावर रेललेली आकृती. आई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, हिला दाढी?”

खरंच आहे दाढी. तिकडे नद्या पुरुष असतात, मी सांगितलं. वल्हं का, तर गंगेतून नावा चालतात म्हणून. महाराज तेव्हा विशीत होते, आणि इथे कुणीतरी गंगा कशी असेल याची कल्पना करून दगड फोडत होता, हेही सांगितलं. खडकातून बाहेर येणारा घोडा दाखवून मी म्हटलं, गंगेत घोडं न्हालं ते हेच. आई इतक्या हसल्या! मग गप्प झाल्या. सासरे असताना काशीला जायचं ठरलं होतं, दोनदा तिकिटं काढून रद्द करावी लागली, मग ते गेलेच. आईंनी चपला काढल्या आणि त्या दाढीवाल्या गंगेला हात जोडले.

तेवढ्यात, “चला, चला, पॅन्थिऑन!”

ड्रायव्हरने काय पाहिलं कोण जाणे, पण तो भाऊजींना म्हणाला, पाहिजे तर थांबा, दोन ठिकाणं गाळू, दिवस तुमचाच आहे. भाऊजी म्हणाले, “नो नो. शेड्यूल.”

आता युक्त्या पुरे.

अहो, साडेसातशे युरो आपण कशाचे दिले होते? आगगाडी आहे की. चिवितावेक्याहून तासाभरात सेंट पीटर्सजवळच्या स्टेशनात सोडते, माणशी काही युरोंत. वरचे सगळे पैसे एवढ्याचसाठी होते, की गाडी आपली, वेळ आपली, आणि म्हाताऱ्या माणसाला जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबता यावं. ती एकच गोष्ट आपण वापरली नाही. टूरवाल्याने फसवलं हे खरं, त्याला मी सोडणार नाही, पण ते शेवटचं पान त्याने छापलं होतं आणि आपण वाचलं नाही. चौदाचा आकडा काही त्याने सांगितला नव्हता. तो आपण सांगितला. त्याने नुसतं ‘हो’ म्हटलं, कारण नाही म्हणणाऱ्याकडून आपण टूर घेतच नाही!

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी आईंना विचारलं, रोम कसं होतं? आई म्हणाल्या, “गाडी थंडगार होती हो.” हे ऐकून तुम्हाला काहीच वाटलं नाही? तुम्ही त्याच संध्याकाळी त्या टूरला पाचपैकी पाच तारे दिलेत, खाली ‘१४ प्लेसेस इन वन डे, हायली रेकमेंडेड’ असं लिहिलंत. हो, तुम्हीच, भाऊजी. तुम्ही हे वाचताय ते मला माहीत आहे, जाऊबाईंनी तुम्हाला पाठवलं असणारच. मोठे आहात म्हणून तिथे चौकात मी गप्प बसले. ती माझी चूक.

पुढच्या वर्षीच्या अथेन्सचं एक्सेल आलं काल ग्रुपवर. ११ ठिकाणं आहेत. आई आणि मी पिरेअस बंदराहून मेट्रोने जाऊ. तुम्ही व्हॅनने या.